चांदीची उत्तरपूजा

आमच्या घाटकोपरच्या खोलीत चांदीची वीट आली तेव्हा त्या खोलीत फ्रिज नव्हता, फोन नव्हता, आणि जो एक टेबलफॅन होता तो बाबा झोपायचे त्या बाजूला मान वळवून कायमचा अडकलेला होता. खोली दहा बाय बारा. तिच्यात आई, बाबा, धाकटी बहीण सुनंदा आणि मी. चाळ डोंगराच्या उतारावर होती, त्यामुळे आमच्या दाराची पायरी खालच्या घराच्या पत्र्याच्या उंचीवर यायची आणि खालच्यांनी दिलेली फोडणी त्यांच्याआधी आम्हाला ठसकवायची. पाणी सकाळी पाऊण तास यायचं, तेही सार्वजनिक नळाला. त्या पाऊण तासात कळशांचा खणखणाट, बायकांची भांडणं आणि त्याच बायकांचं हसणं इतकं एकात एक मिसळलेलं असायचं की भांडण कुठे संपलं ते कळायचं नाही. मग आईच्या पाट्या-वरवंट्याची घरघर सुरू व्हायची. आम्ही मूळचे मालवणकडचे, खोबरं रोज वाटलं जायचं. शुक्रवारी मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगाची नारळाच्या रसातली भाजी. त्यासाठी गुरुवारी ओट्याखालच्या कोपऱ्यात फडक्यात बांधलेले मूग टांगलेले असायचे आणि सुनंदा अभ्यासाला बसली की ते तिच्या डोक्याला लागायचे.

गिरणी बंद पडल्यावर बाबा साकीनाक्याच्या एका गाळ्यात स्क्रू-बोल्ट मोजून खोक्यांत भरायचं काम करत. मी बी.कॉम. होऊन मुलुंडच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात लागलो होतो. माझ्या समोरच्या टेबलावर मिलिंद बसायचा. राहायलाही तो आमच्याच डोंगरावर, दोन गल्ल्या पलीकडे, बुद्धविहाराला लागून. त्याचे वडील साताऱ्याकडून येऊन महापालिकेत चिकटले होते. मिलिंद सकाळी कामावर आला की पेपरातलं व्यापाराचं पान आधी उघडायचा आणि सोन्या-चांदीचा भाव मोठ्याने वाचायचा, जणू आमची पेढीच होती. प्रत्यक्षात आम्हा दोघांच्या खिशात मिळून तेव्हा दोन वडापाव आणि दोन कटिंगइतके पैसे असत. पण दिवाळीचा बोनस जवळ आला तसा तो माझ्या मागेच लागला.

"सोनं आपल्या बापाला परवडणार नाही," तो म्हणाला. "चांदी परवडते. अर्धा किलो तू घे, अर्धा किलो मी घेतो. चार वर्षं हात लावायचा नाही. झकास काम होईल बघ."

"आणि भाव पडला तर?"

"पडला तर उचलायला खाली वाक ना! तुझ्यासारखा हिशेबनीस असला की माणसाची वाट लागते यार."

मी हिशेब केला. किलोला साडेतीन हजारांच्या आसपास भाव होता. म्हणजे अर्ध्या किलोला साडेसतराशे. बोनस आणि वर्षभर बाजूला टाकलेले मिळून तेवढे होत होते. पोस्टाच्या सर्टिफिकेटवर तेव्हा बारा टक्के मिळत, पण ते सहा वर्षं अडकायचे. चांदी कधीही मोडता येते, हा मुद्दा मला सगळ्यात पटला. आज हे वाक्य लिहिताना माझं मलाच हसू येतं.

बोनस हातात पडला तो नेमका धनत्रयोदशीला. कामावरून सुटून आम्ही दोघे थेट घाटकोपर स्टेशनजवळच्या सराफाकडे गेलो. गर्दी इतकी की काउंटरपर्यंत पोचायला बोनस मिळवण्यापेक्षा जास्त मेहनत पडली. वीट हातात आली तेव्हा मी थोडा हिरमुसलो. अंगाच्या साबणाच्या वडीपेक्षा जरा लांब, आणि जाडीला तिच्या निम्मी. वर वजनाचे आकडे ठोकलेले. पण हातात धरल्यावर मनगट खाली ओढलं गेलं आणि माझं मत बदललं.

मी घरी पोचलो तेव्हा आईने दारात दिवा लावलेला होता आणि धने-गुळाचा नैवेद्य देवापुढे ठेवत होती. आमचा देव्हारा म्हणजे कपाटाच्या वरचा लाकडी कप्पा. त्यात अन्नपूर्णा, गणपती, बाळकृष्ण आणि गावच्या देवीचा एक धूसर फोटो. मी खिशातून वीट काढून तिच्या हातावर ठेवली. मला वाटलं होतं, ती विचारेल केवढ्याला, मी सांगेन, मग ती बाबांना सांगेल की पोरगा शहाणा निघाला. तिने मात्र पदर डोक्यावरून घेतला, ताटात तांदूळ पसरले, त्यावर वीट ठेवली, पाण्याने धुतली, दुधाने धुतली, पुसली, तिला हळद वाहिली, कुंकू वाहिलं आणि अन्नपूर्णेच्या शेजारी जागा करून तिथे बसवली. बाळकृष्णाला थोडं सरकावं लागलं.

"लक्ष्मी घरात इली," ती म्हणाली. "नमस्कार कर रे, विजू."

मी नमस्कार केला. मला वाटलं, कौतुक चाललंय. माझी गुंतवणूक हातची गेली ती त्याच क्षणी, हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

पुढे त्या विटेचा दिनक्रम आमच्यापेक्षा नीट लागला. रोज फूल, शुक्रवारी चिंचेने आणि बारीक रांगोळीने घासून अंघोळ, मग मुगागाठींचा नैवेद्य. सुनंदा म्हणायची, "दादा, लोकांची इन्व्हेस्टमेंट व्याज देते. तुझी जेवते." मिलिंदकडे तर आणखी गंमत झाली. त्याच्या घरी पूजेचा प्रश्न नव्हता. पण त्याच्या आईने वीट पाहिली, तीन मुलींच्या पायांकडे पाहिलं, आणि पुढच्या रविवारी सोनाराकडे जाऊन तीन जोड पैंजण करून आणले. राहिलेल्या चांदीत स्वतःला जोडवी. मिलिंदने दोन दिवस कामावर चांदीचा भाव वाचला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "घरात बसलो की कळतं रे माझे पैसे कुठे आहेत. आता नळावर गेले, आता जिन्यावर आले. छुम छुम छुम. फक्त परत येत नाहीत."

दीड वर्षाने मला टू-इन-वन घ्यायचा होता. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकात. वरच्या चाळीत एकाने परदेशातून आणलेला होता आणि रविवारी तो अख्ख्या डोंगराला गाणी ऐकवायचा. चांदीचा भाव थोडा वर गेला होता. मी हिशेब करून आईला म्हणालो, "आई, ती वीट मोडतो आता."

आई मुगाचं फडकं सोडत होती. तिने मान वर केली नाही. एक मूग उचलून मला दाखवला, इवलासा पांढरा अंकुर आलेला.

"मोड ह्येका येतत," ती म्हणाली. "लक्ष्मीक नाय."

"अगं आई, ती विकत आणलेली चांदी आहे. माझ्या बोनसची."

"आणलंस तेव्हा चांदी होती. पुजल्यार लक्ष्मी झाली. पुजलेली लक्ष्मी मोडीत घालतत काय रे? तुका खुळ लागला?"

बाबांकडे पाहिलं तर ते पेपरामागे. विषय तिथेच संपला. पुढच्या वर्षी शेअरची लाट आली, तेव्हा मिलिंदने कुठल्याशा कंपनीचे फॉर्म आणले आणि पुन्हा तेच सुरू केलं: "चांदी मोड, शेअर घे." मी पुन्हा आईकडे गेलो, आईने पुन्हा तेच सांगितलं, या वेळी मूग न दाखवता. ती कंपनी नंतर कुठे गेली ते मिलिंदलाही सापडलं नाही. पण तेव्हा मी आईवर चिडलो होतो. दहा बाय बाराच्या खोलीत चिडण्याची एक अडचण असते, पाय आपटून जायला दुसरी खोली नसते. मी पायरीवर जाऊन बसलो आणि खालच्यांच्या फोडणीने शिंकत परत आत आलो.

मग कांदिवलीची गोष्ट आली. आमच्या कारखान्यातल्या काही जणांनी मिळून तिथे गृहनिर्माण संस्था काढली होती. आमची ऐपत नव्हती म्हणून आम्ही सुरुवातीला नाव दिलं नव्हतं. इमारत प्लिंथपर्यंत, म्हणजे जोत्यापर्यंत, आली आणि एका सभासदाने गावी जायचं ठरवून जागा सोडली. सेक्रेटरीने बुधवारी मला बोलावून सांगितलं, शनिवारपर्यंत दहा हजार भरलेस तर जागा तुझी, बाकीचं कर्ज करून देऊ. नाही तर सोमवारी दुसऱ्याला देणार, तीन जण रांगेत आहेत. एक खोली, हॉल, स्वयंपाकघर, आणि आत, घराच्या आत, संडास-बाथरूम.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला. "नळ घरात?"

"तीन नळ. स्वयंपाकघरात एक, आत दोन."

हातातली पळी तशीच धरून ती थोडा वेळ उभी राहिली. पंचवीस वर्षं ती सार्वजनिक नळावर कळशी लावत होती. सुनंदाने तेवढ्यात आपली वह्या-पुस्तकं कुठे ठेवायची तेही ठरवून टाकलं.

माझे बँकेतले पाच हजार दोनशे आणि बाबांच्या फंडातले उरलेले दोन हजार पन्नास, मिळून सात हजार दोनशे पन्नास. कमी पडत होते दोन हजार सातशे पन्नास. त्या आठवड्यात चांदी किलोला पावणेसहा हजारांवर होती. मला हा हिशेब कागदावर मांडावाही लागला नाही. आम्ही चौघेही जेवताना एकाच दिशेला बघत होतो, कपाटाच्या वर.

"आई," मी म्हणालो.

"नको," आई म्हणाली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चिडली असती तर मी वाद घातला असता, पण ती चिडलीच नाही. "माका काय घर नको काय रे? पण घर लक्ष्मी विकून घेवचा? त्या घरात ती पाय तरी ठेवीत काय?"

गुरुवार तसाच गेला. शुक्रवारी विटेला नेहमीप्रमाणे अंघोळ घालून आई नैवेद्य दाखवत होती आणि मी कामावर जायची चप्पल शोधत होतो. बाबा तेव्हा चहा पीत होते. बाबा फार बोलणारे नव्हते. गिरणीत तीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढल्यावर माणूस एकतर ओरडून बोलतो नाहीतर बोलतच नाही. ते दुसऱ्या प्रकारचे. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "गणपतीक आपण दरवर्षी पोचवतो मा?"

"मगे?" आई म्हणाली.

"पोचवचे आदी काय करतो?"

"उत्तरपूजा."

"उत्तरपूजा झाल्यार मूर्ती कोणाची?"

उत्तर आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. गावी गणपतीच्या शेवटच्या दिवशी भटजी आले नाहीत तर बाबाच ते करत. अक्षता टाकायच्या, मूर्ती जागेवरून जराशी हलवायची, की देव गेला आणि माती उरली. मग ती पाण्यात सोडायला कुणाची हरकत नसते.

"तो मातीचो," आई शेवटी म्हणाली.

"मातीच्या देवाक निरोप देवक येता, चांदीच्याक नाय? तो काय माजलेलो असता?"

सुनंदा फिस्सकन हसली. आईलाही हसू आलं, ते तिने पदराने दाबलं. पण ती सहज सोडणारी नव्हती. "गणपती जाता तो परत येवक जाता. ही गेली ती गेली."

"मगे हिकाय परत येवक सांगूया," बाबा म्हणाले. "मंत्रात असाच. पुनरागमनाय च."

आईने थोडा विचार केला. "सांगलास तर पाळूक व्हया. नुसता तोंडान म्हणान चलाचा नाय." आणि माझ्याकडे वळून, "ऐकलंस मा, विजू?"

मी हो म्हणालो. मला तेव्हा कशालाही हो म्हणायचं होतं.

शनिवारी सकाळी पाणी भरून झाल्यावर आमच्या घरात चांदीच्या विटेची उत्तरपूजा झाली. आईने मुद्दाम मुगागाठी केल्या होत्या, वार शुक्रवारचा नसूनही. बाबांनी काळी टोपी घातली, जी ते फक्त गणपतीला आणि लग्नांना घालत. त्यांना मंत्राची शेवटची ओळच येत होती, ती त्यांनी तीनदा म्हटली. "पुनरागमनाय च" म्हणताना त्यांचा आवाज इतका चढला की खालच्यांनी रेडिओ बंद केला. अक्षता टाकल्या, वीट इंचभर उत्तरेला सरकवली. बाळकृष्ण लगेच आपल्या मूळ जागी आला.

आता ती खिशात घालून नेता आली असती. पण आईला ते पटेना. म्हणून बाबांनी पाट घेतला, त्यावर तांदूळ, त्यावर वीट, वर रुमाल, आणि पाट दोन्ही हातांनी छातीशी धरून ते उतार उतरू लागले. मागे आई, मग मी. शेजारची मालतीकाकू नळावर होती. ती ओरडली, "काय हो भावजी, हा कुठला गणपती? माघी झाला ना?"

"चांदीचो," बाबा म्हणाले.

"अगं बाई! मग मोरया म्हणा की!"

आणि खरंच कोणीतरी मोरया म्हटलं. मग चार जणांनी म्हटलं. आमची मिरवणूक स्टेशनच्या रस्त्याला लागेपर्यंत मला मान वर करवली नाही. वाटेत मिलिंद भेटला. त्याने पाट पाहिला, बाबांची टोपी पाहिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, पैंजणांची पण करता येते का हो उत्तरपूजा?"

सराफ तोच होता. त्याने रुमाल उचलला, वीट हातात घेतली आणि नखाने खरवडून पाहिली. ठोकलेल्या आकड्यांच्या खाचांत कुंकू इतकं घट्ट बसलं होतं की पाचाच्या पोटात लाल टिळा लावल्यासारखा दिसत होता. त्याने वीट कपाळाला लावली, मग तराजूत ठेवली.

"माँजी, दिल से दे रही हो ना?" त्याने आईला विचारलं.

"निरोप देऊन आणली आहे," आई म्हणाली. परक्यांशी ती अशी शुद्ध बोलायची.

वजन भरलं चारशे सत्त्याण्णव ग्रॅम. मी दचकलो. घेताना पूर्ण पाचशे होती, मी स्वतः पाहिलं होतं. सराफ हसला आणि आईच्या हातांकडे बोट दाखवून म्हणाला, "रोज घिसती होगी." तीन ग्रॅम चांदी आईने चार वर्षांत चिंच-रांगोळीने घासून मोरीतून वाहवून दिली होती. सत्तावन्न रुपये त्याने घट म्हणून कापले आणि अठ्ठावीसशे हातावर ठेवले. दुपारी बारापूर्वी पैसे सेक्रेटरीकडे पोचले. उरलेल्या पन्नासातून पेढे आले, ते मालतीकाकूपासून मिलिंदच्या बहिणींपर्यंत वाटले गेले. बहिणी पेढे घ्यायला आल्या त्या अर्थातच छुम छुम करत.

मी नंतर हिशेब केला, माझ्याने राहवलं नाही. साडेसतराशे पोस्टात बारा टक्क्यांनी ठेवले असते तर चार वर्षांत दोन हजार सातशे चोपन्नपर्यंत गेले असते. चांदीने सेहेचाळीस रुपये जास्त दिले. म्हणजे चांदी फार हुशार निघाली असं नाही, आणि मीही नाही. फक्त पोस्टातले सहा वर्षं सुटले नसते, आणि माझ्या ताब्यातली वीट दीड वर्षाच्या पुढे टिकली नसती. ती टिकली कारण तिच्यापुढे रोज फूल ठेवलं जात होतं.

कांदिवलीच्या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा पहिल्या दिवशी आईने तीनही नळ एकदम सोडले आणि स्वयंपाकघरात उभी राहून नुसती ऐकत राहिली. बाबांनी येऊन बंद केले. पहिल्या धनत्रयोदशीला तिने मला देव्हाऱ्यातली मोकळी जागा दाखवली. हप्ते चालू होते, मी दहा ग्रॅमचं नाणं आणलं. तिने ते हातात घेतलं, जोखलं आणि म्हणाली, "ती अर्धो किलो होती." त्या हिशेबाने मला पन्नास दिवाळ्या लागणार होत्या. बरी परिस्थिती आल्यावर मी मोठी नाणी आणू लागलो, पण भावही माझ्याबरोबर, बहुतेक वेळा माझ्या पुढे, धावत राहिला. बाबा गेले त्या वर्षी तीनशे ग्रॅम झाले होते. गेल्या दिवाळीला चारशे ऐंशी. मी आता निवृत्त आहे आणि आई नव्वदीला टेकली आहे. ती मोजायला विसरत नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझी मुलगी ऋचा. ती पवईला नोकरी करते. परवा रविवारी तिने विचारलं, "बाबा, मी चांदीत पैसे टाकू का? ऑफिसमध्ये सगळे टाकतायत." मी तिला खरं तेच सांगितलं. भाव चढतो तसा वर्षानुवर्षं झोपूनही राहतो. घेताना आणि विकताना दोन्हीकडे थोडं कापलं जातं. सगळे टाकतायत हे टाकायचं कारण नाही. अडीअडचणीचे पैसे आधी बँकेत ठेव, मग उरतील त्यातला थोडा भाग टाक, आणि टाकलास तर विसरून जा. शेवटचं सगळ्यात कठीण, असंही म्हणालो.

"विसरायचं कसं? फोनवरच आहे. एका बोटात विकता येते."

"घेतलीस पण?"

"थोडीशी. काल." तिने फोन पुढे केला. पडद्यावर आकडे होते, बाजूला चांदीचं एक चित्र.

आई खुर्चीत बसून कान देऊन ऐकत होती. "काय गो, चांदी घेतलंस? बघू."

ऋचाने कौतुकाने फोन तिच्या हातात दिला. आईने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, ते चित्र नीट पाहिलं. मग उठली, भिंतीला धरत देव्हाऱ्यापाशी गेली, करंड्यात बोट बुडवलं आणि पडद्यावर, बरोबर त्या चित्रावर, आधी हळदीचं आणि मग कुंकवाचं बोट टेकवलं. फोन नाण्यांच्या शेजारी ठेवून तिने हात जोडले.

"आजी!" ऋचा किंचाळली. "अगं, स्क्रीन!" मग ती माझ्याकडे वळली. लहानपणापासून तिने विटेची गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की पुढचं तिला कोणी सांगायला नको होतं. "बाबा, आता मला विकता येणार नाही ना?"

"येईल की," मी म्हणालो. "उत्तरपूजा मला येते. पण चार दिवाळ्या होईपर्यंत विचारू नकोस."